बर्लिनमध्ये परवडणारी खोली कशी शोधावी? ओळखीतून मिळत असेल तर नागपूरहूनच पैसे पाठवून पक्की करावी का?

पैसे पाठवू नका. बाकीचं उत्तर लांबेल, पण एवढं आधी वाचून घ्या.

तुम्ही लिहिलंय की मुलगा ऑक्टोबरपासून बर्लिनला शिकायला जातोय, कुणाच्या तरी भाच्याच्या फ्लॅटमध्ये एक जागा आहे, तो तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मागतोय, आणि घरचे म्हणताहेत की परक्या देशात आपलं माणूस मिळालं, आणखी काय पाहिजे. हेच बोलणं मी आमच्या घरात ऐकलंय, आणि त्यावरून आमच्याकडे जे झालं त्याचा निकाल अजून लागलेला नाही. म्हणून लिहायला बसले.

माझी मुलगी २०२३ मध्ये बर्लिनला गेली. मी त्रिमूर्तीनगरला राहते आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या बरीच वर्षं विद्यार्थ्यांना भाड्याने देते. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळकडची मुलं येतात, शिकतात, जातात. करारनामा, पोलीस ठाण्यात द्यायची भाडेकरूची माहिती, डिपॉझिट, जाताना भिंतीच्या रंगावरून होणारी कटकट, सगळं मीच बघते. सांगायचं कारण एवढंच, की जागा भाड्याने घेणं-देणं हा विषय मला कळतो, आणि आमच्या घरात हे कुणी धरून चालत नाही.

मुलीचा प्रवेश पक्का झाल्यावर आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, त्यांच्या ऑफिसातल्या मित्राच्या पुतण्याकडे तिची सोय लावली. बर्लिनमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट, महिन्याला साडेतीनशे युरो, सोबत आपल्याकडची मुलं-मुली. तिथे साध्या एका खोलीला पाचशे ते सातशे युरो लागतात, म्हणजे ऐकायला सोनंच. अट एवढीच की तीन महिन्यांचं भाडं आधी द्यायचं, आणि तेही रुपयांत, इथेच, त्या मुलाच्या वडिलांच्या खात्यावर. मी विचारलं, "पावती? करार?" भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या? घरचाच पोरगा आहे तो."

मी पैसे दिले नाहीत. म्हटलं, पोरगी जाईल, जागा बघेल, मग देऊ. तोपर्यंत हॉस्टेलवर राहील. त्यावर "युरो उधळायला निघाल्या" हे ऐकून घेतलं.

ती सप्टेंबरअखेर पोचली आणि दुसऱ्याच संध्याकाळी जागा बघायला गेली. तेव्हा तिथल्या आणि आपल्या वेळेत साडेतीन तासांचा फरक असतो, त्यामुळे इथे रात्र झाली होती. व्हिडिओ कॉलवर मी तिला सांगितलं, आधी खालचं दाखव. तिथल्या बिल्डिंगमध्ये आपल्यासारखे फ्लॅट नंबर बहुधा नसतात. बेलवर आणि टपालपेटीवर आडनावं असतात, आणि पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. त्या पेटीवर एकच आडनाव होतं, जर्मनही नव्हे आणि त्या पुतण्याचंही नव्हे. म्हणजे तो स्वतःच कुणाचा तरी पोटभाडेकरू होता. वर गेल्यावर म्हटलं, दारापाशी कॅमेरा खाली धर. चपला-बूट इतके होते की दार पूर्ण उघडत नव्हतं. माझ्याकडे एका खोलीत दोघं ठरवून चौघं राहायला लागले तर मला ते पहिल्यांदा चपलांवरून कळतं. आत भिंतीला गाद्या उभ्या करून ठेवलेल्या. मुलीची "जागा" म्हणजे त्यातली एक गादी, आणि मध्ये पडदा.

तेही एक वेळ चाललं असतं. विद्यार्थी आहेत, दाटीवाटीने राहतात. पण तिने आनमेल्डुंगचं, म्हणजे सरकारदरबारी पत्ता नोंदवण्याचं, विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते नंतर बघू, पहिले तीन महिने लागत नाही." हे धादांत खोटं आहे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा हा तिथला कायदा आहे. त्यासाठी जागा देणाऱ्याने सही केलेला एक कागद लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नोव्हेंबर २०१५ पासून तो सक्तीचा आहे. पोटभाडेकरू ठेवायला मूळ घरमालकाची परवानगी लागते, आणि ती नसली की हा कागद द्यायला लोक कचरतात. न राहणाऱ्याला नुसता पत्ता वापरायला दिला तर ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून "राहा इकडे, नोंद दुसरीकडे करून देतो" म्हणणाऱ्याच्याही नादी लागू नका.

आणि ही नोंद काही शोभेची नसते. ती झाली की कर क्रमांक पोस्टाने येतो, आणि नोकरी धरली की तो लागतो. बँकेचं खातं उघडायला बरेचदा नोंदीचा कागद मागतात. पुढे व्हिसाचं रूपांतर राहण्याच्या परवान्यात करायलाही तोच लागतो. तुम्ही ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी दाखवायच्या बंद खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरले असतील. ते महिन्याला ९९२ असे सुटतात, पण मुलाचं तिथलं चालू खातं उघडल्यावरच. नोंद नाही म्हणून खातं नाही, आणि खातं नाही म्हणून स्वतःचेच पैसे अडकलेले, अशी मुलं माझ्या मुलीने तिथे पाहिलीत. म्हणून पहिल्या एक-दोन महिन्यांचा खर्च आणि डिपॉझिट फॉरेक्स कार्डावर वेगळं द्या. ब्लॉक्ड अकाउंटवर विसंबून मुलाला विमानात बसवू नका.

मुलीने नम्रपणे नाही म्हटलं. इथे मात्र गहजब झाला. भाऊजी म्हणाले, "वहिनींनी माणसापेक्षा कागदाला मोठं केलं, मित्रासमोर माझी मान खाली गेली." दिवाळीच्या फराळाला आले नाहीत. आजही कुणाचं मूल बाहेर निघालं की ते हा किस्सा सांगतात, आणि त्यात मी माणसं तोडणारी बाई असते.

माझं म्हणणं मी तेव्हाही मांडलं होतं, आता इथे लिहूनच ठेवते. भाऊजींचा इथे महाल भागात एक गाळा आहे. तो त्यांनी साडूंच्या मुलाला भाड्याने दिला तेव्हा अकरा महिन्यांचा करारनामा केला, त्याची नोंदणी केली, डिपॉझिट चेकने घेतलं. साडूंचा मुलगा तर घरचाच होता नं? तेव्हा कागद मागितल्याने नातं तुटलं नाही, उलट सगळे म्हणाले की व्यवहार चोख ठेवला. मग आपली पोरगी परक्या शहरात एकटी असताना तोच चोखपणा वाईट कसा? ज्याची ओळख खरी असते तो कागद मागितल्यावर रागावत नाही, काढून देतो. आणि मान भाऊजींची खाली गेली असेल तर ती बर्लिनच्या त्या पुतण्याने घातली, मी नाही.

आता घर कसं शोधायचं ते. आमच्या मुलीला कसं मिळालं तेवढं सांगते.

विद्यार्थ्यांची सरकारी वसतिगृहं सगळ्यात स्वस्त, पण बर्लिनमध्ये रांग काही सेमिस्टरची असते. प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी अर्ज टाका आणि त्या भरवशावर राहू नका. हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळं जग एकदम खोल्या शोधतं. शक्य असेल तर ऑगस्टमध्येच पाठवा.

मुलीला जागा मिळाली ती ‘वेगे-गेझुख्ट’ या साइटवरून. वेगे म्हणजे काही जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट, प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर एक. कुणी सहा महिने दुसऱ्या देशात शिकायला जातो तेव्हा आपली खोली सामानासकट तेवढ्या काळापुरती देतो, त्याला त्सविशेनमीटे म्हणतात. नवख्याने हेच धरावं. फर्निचर असतं, नोंदही बरेचदा होते, आणि आत शिरल्यावर पुढचं शोधणं सोपं जातं. तिची खोली लिश्टेनबेर्ग भागात, जुन्या पूर्व बर्लिनच्या काँक्रीटच्या इमारतींपैकी एकीत. दिसायला आपल्या म्हाडाच्या जुन्या चाळीइतकीच साधी, पण आतून गरम आणि स्वच्छ. ५२० युरो, हीटिंग आणि इंटरनेट धरून. वसंतात मूळ मुलगी परत आली तोवर त्याच फ्लॅटमध्ये दुसरी खोली रिकामी झाली आणि ती तिथेच राहिली.

खोली तिलाच का मिळाली हे मला माहीत आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. मला व्हॉट्सॲपवर दिवसाला कितीतरी "रूम आहे का?" येतात. मी उत्तर देत नाही. जो लिहितो की मी अमुक कॉलेजला आहे, अमुक तारखेपासून अमुकपर्यंत पाहिजे, त्याला मी फोन करते. मुलीला तेच करायला लावलं. प्रत्येक जाहिरात पूर्ण वाचायची आणि चार ओळी जर्मनमध्ये त्या घराला उद्देशून लिहायच्या: कोण, काय शिकते, किती काळ, स्वयंपाक काय करते, सकाळी किती वाजता उठते. सोबत एकाच पीडीएफमध्ये पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला. शुफा, म्हणजे तिथला कर्जफेडीचा दाखला, नवीन माणसाकडे नसतोच. त्याऐवजी पुण्यात नोकरीला असताना ती जिथे राहायची त्या घरमालकांकडून मी इंग्रजीत पत्र आणवलं, की भाडं दर महिन्याला वेळेवर आलं, जागा चांगल्या स्थितीत परत दिली. त्या पत्राने काम केलं. वेगेतल्या मुलींनी तिला तसं बोलूनही दाखवलं. इथल्या आईबापांची हमी मात्र तिथे फारशी चालत नाही, त्यामागे धावू नका.

भाडं बघताना काल्टमीटेवर जाऊ नका. तो नुसता जागेचा आकडा असतो, हीटिंग-पाणी धरून वार्ममीटे विचारा. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. रेडिओ-टीव्हीचे महिन्याला १८.३६ युरो दर घरामागे असतात, माणसामागे नाही, तेव्हा वेगेत वाटून घ्यायचे. आत जाताना प्रत्येक भिंतीचे, खिडकीचे फोटो काढून लेखी नोंद करून घ्या. हे मी घरमालकीण म्हणून सांगतेय, जाताना डिपॉझिटचं भांडण त्याच फोटोंवर मिटतं. पत्ता नोंदवायची अपॉइंटमेंट बर्लिनमधल्या कुठल्याही ब्यूर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या कामांच्या सरकारी कार्यालयात, चालते. सकाळी लवकर साइट उघडली की रद्द झालेल्या वेळा दिसतात. दोन आठवड्यांत तारीख मिळत नसेल तर तारीख घेतल्याचा पुरावा जपून ठेवायचा. शहराच्या मध्यात चारशे युरोला अख्खा फ्लॅट, मालक परदेशात, पैसे पाठवा म्हणजे किल्ली कुरियरने येईल, ही सरळ फसवणूक आहे, तिथे वेळसुद्धा घालवू नका.

तुमच्या त्या भाच्याबद्दल. तो वाईटच असेल असं मी म्हणत नाही. आमच्या मुलीला तिथे नागपूरच्याच एका कुटुंबाने पहिल्या आठवड्यात जेवायला बोलावलं, कुकर दिला, खोली बघायला सोबत आले, आणि एक पैसा मागितला नाही. ओळखीचा उपयोग असा करावा. भाच्याला विचारा: मूळ घरमालकाची लेखी परवानगी दाखवशील का, नोंदीचा कागद पहिल्याच आठवड्यात देशील का, पैसे आम्ही जागा बघितल्यावर करार करून तिथल्या तुझ्या खात्यात भरले तर चालतील का? तिन्हीला हो आलं तर खुशाल घ्या, आपल्या माणसांत मुलाचं मन रमेल. एकालाही आढेवेढे घेतले तर सोडा, आणि घरच्यांना काय सांगायचं याचा विचार करत बसू नका.

भाड्याचे हे आकडे आमच्या वेळचे आहेत, भाडी वाढतच असतात, थोडं वर धरून चाला. शिवाय हे सगळं बर्लिनचं. माग्डेबुर्ग, केम्निट्झ अशा शहरांत वसतिगृहाची खोली बऱ्यापैकी सहज आणि पुष्कळ कमी पैशात मिळते. मुलाला तिकडूनही प्रवेशाचं पत्र आलं असेल तर अजून नाकारू नका, आधी दोन्हीकडच्या भाड्याचा दोन वर्षांचा हिशोब मांडून बघा.