गच्चीवर कुंडीत रुई लावली तर फुलपाखरं येतील का? अळ्या पडल्या तर कोणतं औषध मारावं?

औषध मारायचं असेल तर रुई लावूच नका. त्या अळ्यांचीच फुलपाखरं होतात.

आमच्या अंगणाच्या कडेला रुई आपली आपण उगवली होती. थोरले दीर म्हणायचे, "माळावरचं झाड दारात कशाला?" मी ती ठेवली. दुसऱ्या पावसाळ्यात प्लेन टायगर फुलपाखराची मादी पानांच्या पाठीला एकेक अंडं चिकटवताना दिसली. चार दिवसांत अळ्या! काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके, पाठीवर शिंगांसारख्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. अळी आधी पानाची शीर कुरतडते, चीक तिथेच गळू देते आणि मग पुढचं पान खाते. रोज सकाळी मी ते बघत उभी राहायची.

मग दोन दिवस माहेरी गेले. दिरांना रुईवर पिवळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसला, त्यांनी गुलाबावरचं उरलेलं औषध तिच्यावर फवारलं. परत आले तर सतरा अळ्या खाली मरून पडलेल्या. मोजल्या मी. वर "झाड वाचवलं" म्हणाले. अहो, रुईला कशापासून वाचवायचं? पानं फस्त झाली तरी ती पुन्हा फुटते. मावा पाण्याच्या जोरदार धारेने जातो.

नुसती फुलझाडं लावून 'फुलपाखरांची बाग' म्हणणं मला पटत नाही. फुलांवर ती मध प्यायला येतात, पण बाळंतपणाला प्लेन टायगरला रुईच्या कुळातलंच झाड लागतं. नर्सरीतल्या हळदीकुंकू नावाच्या फुलझाडावरही या अळ्या वाढतात, पण ते मूळचं अमेरिकेतलं. आपली रुई असताना ते कशाला? शिवाय रुईवर मोठे काळे भुंगे येतात. तिचा पराग सुटा नसतो, पुड्यांत बांधलेला असतो. त्या पुड्या भुंग्यांना चिकटून दुसऱ्या फुलापर्यंत पोचतात.

कुंडीचं म्हणाल तर खोल घ्या, मूळ खूप खाली जातं. भरपूर ऊन, पाणी बेताचं. बी म्हणजे उडणारी म्हातारी, ती धरून पेरा.

आणि हो, चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. फारसं दुखत नाही, पण नजर अंधुक होते. गेलाच तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. लहान मुलं असतील तर कुंडी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

दीर अजून म्हणतात, मावा होता. होता ना. पण अळ्याही होत्या, आणि त्या मी त्यांना आधी दाखवल्या नव्हत्या. तुमच्या घरात फवारा दुसऱ्या कुणाच्या हातात असेल, तर पहिलं अंडं दिसेल त्याच दिवशी त्यांना बोलावून दाखवा.