आधी तो मूळपदावर आणून बघ

प्रिय लेकी,

तुझा मेल रात्री दोनदा वाचला. बार्था के-६१ मध्ये, म्हणजे डुकरांच्या स्यूडोरेबीज विषाणूच्या सौम्य लस-वाणात, चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घातलंस, पेशी हिरव्या उजळल्या, पण प्लाक, विषाणूने पेशींच्या थरात पाडलेली ती भोकं, मूळ विषाणूपेक्षा लहान पडतायत. गाइड म्हणतात, परक्या जनुकाचा भार पडलाय, तशी एक ओळ लिही आणि उंदरांकडे वळ. तुला पटत नाही आणि नाही म्हणवतही नाही.

रेस्क्यू, म्हणजे विषाणू मूळपदावर आणणं, केलास का? मेलमध्ये त्याचा उल्लेखच नाही, त्याचा मला राग आला. घातलेलं जनुक काढ, तिथे मूळचा क्रम परत बसव आणि मग प्लाक मोज. मोठे झाले तर भार खरंच त्या जनुकाचा. लहानच राहिले, तर कुठे काय बिघडलंय हे कुणालाच ठाऊक नाही, तुझ्या गाइडनाही नाही.

अगं, जवळपास १ लाख ४३ हजार बेस-जोड्यांचा जीनोम आहे तो, सत्तरच्या वर जनुकं. तू एक प्लाक उचललास म्हणजे एका विषाणूचं अख्खं घराणं उचललंस. त्यात आधीचा एखादा बदल असेल तर तोही सोबत आला. बार्थाचंच बघ. १९६१ मध्ये हंगेरीत पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून तो सौम्य केला. त्यात विषाणूच्या आवरणावरचं जीई हे प्रथिन नाही, म्हणून लस दिलेलं डुक्कर आणि खरी लागण झालेलं डुक्कर रक्ताच्या चाचणीत वेगळं ओळखता येतं. अमेरिकेतले व्यावसायिक कळप २००४ पर्यंत स्यूडोरेबीजमुक्त झाले, त्यात अशा जीई नसलेल्या लसींचा मोठा हात. पण त्याचा सौम्यपणा एकट्या जीईच्या अभावाने येत नाही. हरवलेला तुकडा परत बसवला तरी मूळचा जहालपणा पुरता परतला नाही, आणि शोधता शोधता यूएल२१ आणि जीसी या दुसऱ्याच जनुकांमधले दोष सापडले. परत बसवून पाहिलं म्हणूनच सापडले!

मी नाही पाहिलं. माझ्या वेळी लॅकझेड हे निळा रंग आणणारं जनुक घालायचो. अगारखालचे निळे ठिपके अजून डोळ्यांसमोर आहेत, पिपेटचं टोक खुपसताना श्वास रोखून धरायचे मी. तीनदा शुद्ध केलेला माझा विषाणू हळू वाढायचा. परक्या प्रथिनाचं ओझं, असं मी पोस्टरवर छापून मोकळी झाले. माझ्यामागून आलेल्या मुलाने त्यावर दीड वर्ष घातलं. शेवटी त्यानेच लॅकझेड काढून टाकलं. प्लाक तरीही लहानच! मुकाट्याने वही माझ्यासमोर ठेवून तो गेला, पुढच्या महिन्यात त्याने विषयच बदलला. त्याची माफी मागायची माझ्याकडून राहिली.

तेव्हापासून रेस्क्यूशिवाय आलेल्या मसुद्यावर मी नाव घालू देत नाही. दोन पेपर त्यापायी अडले, एका सहकाऱ्याने बोलणं टाकलं. तरी मी चुकले असं मला आजही वाटत नाही.

दोन महिने जातील, जाऊ देत. फेलोशिपची तारीख मला कळते गं, मीही त्या तारखांवर जगले आहे. पण उंदराच्या मेंदूत तो विषाणू एका चेतापेशीतून दुसरीत किती वेळात पोचला हे तू मोजणार, आणि मोजणारं घड्याळच मंद असलं तर? रेस्क्यू कर. गाइडना माझं नाव सांग, हवं तर मी बोलते.

सोमवारी पीके-१५ पेशी, त्या डुकराच्या मूत्रपिंडाच्या, पसरून ठेव. आणि मूळ बार्थाची व्हायल कितव्या पॅसेजची, म्हणजे पेशींवर कितव्यांदा वाढवलेली, आहे ते कळव, मेलमध्ये तेही राहिलंय.

तुझी,
मावशी