इंजेक्शनांच्या डोसमुळे गर्भाची गुणसूत्रं बिघडतात का?

प्रश्न (तासगाव): वय ३७. आयव्हीएफसाठी दहा दिवस रोज ३०० युनिटची इंजेक्शनं घेतली. तीन गर्भ तयार झाले, पण तपासणीत त्यातल्या दोनांत गुणसूत्रांची संख्या चुकीची आली. सासूबाई म्हणतात, द्राक्षाला जीए (वाढीचं संप्रेरक) मारून मणी फुगवतात, तसलाच हा प्रकार. पुढच्या वेळी डोस कमी करून मागू का?

उत्तर: ताई, द्राक्षाचंच उदाहरण घ्यायचं तर ते विरळणीचं घ्या. शरीर दर महिन्याला वाढीला लागलेल्या फॉलिकलपैकी (अंडाशयातल्या बीजाच्या पिशव्यांपैकी) बहुधा एकच पुढे नेतं, बाकीची सुकून जातात. एफएसएच या फॉलिकल वाढवणाऱ्या संप्रेरकाचं, म्हणजे तुमचं रोजचं इंजेक्शन ही विरळणी थांबवतं. नवीन बीज त्यातून तयार होत नाही.

तुमचं प्रत्येक बीज तुम्ही आईच्या पोटात असतानाच तयार झालंय आणि विभाजनाच्या मध्येच थांबून राहिलंय. गुणसूत्रांच्या जोड्या बांधून ठेवणारी प्रथिनं इतक्या वर्षांत झिजतात. ट्रिगरच्या, म्हणजे बीजं पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शननंतर विभाजन पुन्हा सुरू होतं, तेव्हा ढिली पडलेली जोडी नीट सुटत नाही आणि एखादं गुणसूत्र जास्त राहतं किंवा कमी पडतं. म्हणून हा दोष वयाप्रमाणे वाढतो. तिशीच्या सुरुवातीला साधारण एक-तृतीयांश गर्भांत, चाळिशीला निम्म्याहून जास्त, तर ४४ व्या वर्षी दहातल्या आठांहून अधिक गर्भांत तो सापडतो. तुमचे तीनपैकी दोन गेले हे वाईटच, पण तीन गर्भांवरून डोसला दोष देता येत नाही.

डोसची शंका मात्र अगदीच हवेतली नाही. २००७ साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात कमी औषध दिलेल्या गटात सदोष गर्भांचं प्रमाण कमी आढळलं. पण निर्दोष गर्भांची सरासरी संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. २०१२ च्या स्पॅनिश अभ्यासात त्याच त्या तरुण बीजदात्या स्त्रियांच्या गर्भांची तपासणी एकदा औषधाविना आणि एकदा औषध देऊन झाली. सदोष गर्भ ३४.८ आणि ४०.६ टक्के निघाले, हा फरक ठाम निष्कर्ष काढण्याइतका नव्हता. थोडक्यात, औषध न घेताही तिसरा हिस्सा सदोष असतोच.

आमचं मत विचाराल तर गुणसूत्रांच्या भीतीने डोस कमी करून मागू नका. पीसीओएस (अंडाशयात खूप लहान फॉलिकल साठण्याचा विकार) असेल, फॉलिकल भरमसाट वाढत असतील, तर डोस कमीच हवा. पण ते पोटात पाणी भरण्याचा धोका टाळण्यासाठी. आणि एएमएच (बीजांचा साठा किती उरला ते दाखवणारी रक्ततपासणी) फार कमी असेल तर ३०० वरून ४५० वर जाऊन बहुधा फक्त बिल वाढतं.

ट्रिगरची वेळ मात्र काटेकोर पाळा. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात. सोमवारी रात्री साडेनऊला टोचलं तर बुधवारी सकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान. त्याआधी काढली तर बरीच बीजं अपक्व निघतात, फार उशीर झाला तर ती फॉलिकलमधून निसटून जातात. तासगावहून सांगली-मिरजेला उपाशीपोटी पोचायचं आहे, हे धरूनच वेळ ठरवून घ्या.

रिपोर्टवर ‘मोझॅक’ (काही पेशी निर्दोष, काही सदोष) लिहिलंय का, तेही पाहा. तपासणीला गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या पाच-दहाच पेशी घेतात. मोझॅक गर्भ लगेच टाकून देऊ नका, आधी समुपदेशकाशी बोला. मुलगा की मुलगी हे कुणी सांगणार नाही, १९९४ च्या कायद्याने ते बंद आहे.

प्रश्न (कराड): लेट्रोझोलवर (बीज वाढवण्याच्या गोळीवर) बंदी होती ना? मग डॉक्टर ते कसं देतात?

उत्तर: वंध्यत्वासाठीच्या वापरावर २०११ मध्ये बंदी आली, २०१७ मध्ये ती उठली. बाळात व्यंग येण्याची भीती एका छोट्या अहवालातून पसरली होती. २००६ मध्ये ९११ नवजात बाळांच्या अभ्यासात लेट्रोझोल गटात व्यंगाचं प्रमाण २.४ टक्के आणि क्लोमिफेन या त्याच कामाच्या दुसऱ्या गोळीच्या गटात ४.८ टक्के आढळलं. गोळी पाळीच्या सुरुवातीला पाचच दिवस घेतात आणि गर्भधारणेआधी ती शरीरातून बहुतेक निघून गेलेली असते.

प्रश्न (जत): दिवसभर लाइट जाते. इंजेक्शनं कशी ठेवायची?

उत्तर: २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दारात नको, मागच्या भिंतीला टेकवूनही नको. लाइट गेल्यावर दार सारखं उघडू नका. प्रवासात बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळा. औषध गोठलं की ते वाया जातं आणि बाहेरून कळतही नाही. काही इंजेक्शन-पेन २५ अंशांखाली काही दिवस बाहेर चालतात, ते पत्रकात पाहा. जतच्या मे महिन्यात ती सवलत धरू नका. बिघडलेल्या औषधाने गुणसूत्रं बिघडत नाहीत, पण फॉलिकल नीट वाढत नाहीत. मग सोनोग्राफी पाहून डॉक्टर विनाकारण डोस वाढवतात, म्हणून शंका आली की आधी त्यांना सांगा.