जर्मनीत जन्मलं म्हणून जर्मन होत नाही

तुझा मेसेज दोनदा वाचला. फेब्रुवारीत ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, स्टुटगार्टला यायचंय, बायकोला पाचवा महिना लागलाय, आणि ऑफिसात कोणीतरी सांगितलंय की डिलिव्हरी तिकडेच करा, बाळाला आपोआप जर्मन पासपोर्ट मिळतो. सासूबाईंचं म्हणणं, पहिलं बाळंतपण पुण्यात माहेरीच. काय करू दादा, असं विचारलंयस.

आधी ते पासपोर्टचं डोक्यातून काढ. नाही मिळत. ज्याने सांगितलं त्याचं कोणीतरी कॅनडात असणार. तिथं वकिलातीतल्या लोकांची मुलं सोडली तर जन्मलेलं प्रत्येक मूल कॅनडाचं नागरिक असतं. जर्मनीचं तसं नाही. इथला मूळ कायदा 1913 चा आणि तो वंशावर चालणारा. तोही बापाच्या वंशावर. लग्न झालेल्या जर्मन बाईचं नागरिकत्व तिच्या मुलांना सरसकट मिळायला 1975 उजाडलं. परदेशी आईबापांच्या मुलांसाठी दार किलकिलं झालं ते 1 जानेवारी 2000 ला. पण त्याला दोन अटी आहेत, आणि दोन्ही बाळाच्या जन्माच्या दिवशी पूर्ण असाव्या लागतात. आई किंवा बाप, दोघांपैकी एकजण किमान पाच वर्षं इथे कायदेशीर राहत असला पाहिजे, आणि त्याच माणसाकडे कायम वास्तव्याचा परवाना पाहिजे. त्याचं जर्मन नाव उच्चारता उच्चारता जीभ वळते, म्हणून आपली सगळी मंडळी त्याला पीआरच म्हणतात.

ही पाच वर्षं आधी आठ होती. 27 जून 2024 पासून पाच झाली. त्या तारखेचा हिशेब आमच्या घरातच बघ. मी जानेवारी 2018 ला आलो. मुलगी 2020 ची, तेव्हा मला इथे जेमतेम अडीच वर्षं झालेली, म्हणून ती भारतीय. मुलगा सप्टेंबर 2024 चा, तोवर साडेसहा वर्षं आणि पीआर दोन्ही होतं, म्हणून तो जन्मतःच जर्मन. हॉस्पिटल तेच, आईबाप तेच. माझ्याच टीममध्ये नागपूरचा एकजण आहे, तोही 2018 चाच. त्याला मुलगी झाली जून 2024 च्या पहिल्या आठवड्यात. जुना नियम, आठ वर्षं नाहीत, मुलगी भारतीय. तो अजून म्हणतो, तीन आठवडे थांबली असती पोरगी तर!

हे सगळं तुझ्या पहिल्या बाळाच्या कामाचं नाही, दुसऱ्याच्या आहे, आणि खरं सांगायचंय ते इथेच. ब्लू कार्डवाल्याला पीआर 27 महिन्यांत मिळू शकतं, जर्मन भाषेची बी-1 परीक्षा पास असलास तर 21 महिन्यांतच. आपली माणसं काय करतात? ब्लू कार्ड चार वर्षांचं मिळालंय, नोकरी चालू आहे, कशाला ऑफिसात खेटे घालायचे, म्हणून बसून राहतात. पुढे तेच कार्ड वाढवून घेतात. सहा-सहा वर्षं झालेली असतात, मूल जन्मतं, आणि तेव्हा कळतं की ब्लू कार्ड हा मुदतीचा परवाना. वर्षं भरली पण परवाना चुकीचा, बाळ जर्मन नाही. म्हणून आल्या आल्या संध्याकाळचा जर्मनचा क्लास लाव. मी नाही लावला वेळेवर, सहा महिने फुकट घालवले.

आता बाळ इथे झालं तर काय, ते सांगतो. ते भारतीय असेल, पण तेही आपोआप नाही. 3 डिसेंबर 2004 नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं की मग केंद्र सरकारची परवानगी. नोंद झाली की पासपोर्ट, आणि पासपोर्ट आला की इथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीतून बाळाचा परवाना. किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता (2025 मध्ये महिना 255 युरो), बाळ कुठल्या देशाचं यावर अडत नाही. तुमचा परवाना योग्य आणि मूल तुमच्याजवळ इथे राहणारं, एवढं पुरतं.

तुला वाटत असेल, हे लोक फार ताणतात. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? मी 1986 चा, भारतात जन्मलो म्हणून भारतीय, आईबाप कोण हे विचारायची कायद्याला गरजच नव्हती. धाकटी बहीण 1989 ची. 1 जुलै 1987 पासून नियम बदलला होता, आईबापांपैकी एक भारतीय असणं तिला लागलं. आणि डिसेंबर 2004 नंतरच्या बाळांना तर एक पालक भारतीय असून दुसरा बेकायदा आलेला असला तरी चालत नाही. एकाच घरातली भावंडं आम्ही, कायद्यातली कलमं वेगळी.

मुलाचा जर्मन पासपोर्ट आला तेव्हा आमच्या बाबांचा पहिला प्रश्न, आपल्या सातबाऱ्यावर त्याचं नाव लागेल का. जर्मनीला 2024 पासून दोन नागरिकत्वं चालतात, भारताला चालत नाहीत. त्यामुळे त्याचं ओसीआय कार्ड काढलं, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो ते कार्ड. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मिळते. हे ऐकल्यावर बाबा शांत झाले. दोन्ही पासपोर्ट गुपचूप खिशात ठेवायचा सल्ला देणारेही भेटतील तुला. त्यांच्या नादी लागू नकोस.

मग पुणे की स्टुटगार्ट? पासपोर्ट बाजूला काढला की हा प्रश्न साधा होतो. पुण्यात झालं तर आईचा हात आहे, मालीश आहे, डिंकाचे लाडू आहेत. पण नंतर बाळाचा पासपोर्ट, मग इथला व्हिसा, आणि तोवर तू इकडे एकटा, फोनवर बाप. इथे झालं तर तुझ्या सरकारी आरोग्य विम्यात बिनकमाईची बायको जास्तीचा हप्ता न भरता येते, सुईण घरी येऊन बघते (मात्र ती मिळणं कठीण, आल्याच दिवसापासून फोन सुरू कर), आणि सासूबाईंना टुरिस्ट व्हिसावर नव्वद दिवस येता येतं. आम्ही दोन्ही वेळा इथेच केलं. माझ्या मते इथेच करा, पण बायकोला विचार, सहन तिला करायचंय.

एक गोष्ट मात्र निघायच्या आधीच कर. इथे जन्माची नोंद आठवड्याच्या आत लागते आणि रजिस्ट्रार तुम्हा दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मागतो. माझ्या दाखल्यावर नावाच्या रकान्यात नुसती रेघ होती, 'पुरुष' एवढंच. आपल्या पिढीत असे दाखले ढिगाने आहेत. तसा असेल तर नगरपालिकेत जाऊन नाव घालून घे. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, असं असेल तर तेही एकसारखं कर. आणि अपोस्टिलवर (कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) पैसे घालवण्याआधी तुझ्या गावच्या रजिस्ट्रारला ईमेल करून विचार, कारण भारतातलं अपोस्टिल जर्मनी मान्य करत नाही. कागदांची पडताळणी त्यांची भारतातली वकिलात करून घेते आणि त्यात महिने जातात. मुलीच्या वेळी आम्हाला हे माहीत नव्हतं. जन्मदाखल्याऐवजी नोंदवहीचा उतारा हातात पडला, आमच्या नावापुढे शेरा, 'ओळख सिद्ध झालेली नाही'. दहा दिवसांची पोर मांडीवर, आणि बायको मला विचारतेय, मग आपण कोण आहोत?

दाखल्यांचे फोटो पाठव, बघून सांगतो कुठे अडेल ते.