नाशकात राहून कलावंतांवर माहितीपट करण्याचं करिअर होतं का? मुंबईला जावं का? कॅमेरा कोणता घ्यावा?

होतं. पण कॅमेऱ्याचा विचार शेवटी करा, आधी करार वाचायला शिका.

पंचवटीतल्या एका तबलागुरूंवर मी फिल्म केली होती. पैसे त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करणाऱ्या एका संस्थेचे. फिल्मचा जीव एका शॉटमध्ये होता. गुरुजी हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या चामडी वेणीवर, ठोके देत तबला सुरात आणताहेत. ठोका, चाटेवर (तबल्याच्या काठावर) बोट, मान तिरकी, परत ठोका. समोरचा विद्यार्थी कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची ठरावीक रचना, वाजवताना अडखळतो, तर मान वर न करता म्हणतात, "तिरकिट खाल्लंस. परत."

रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, बघून संस्थेतले म्हणाले, "सत्कार कुठंय? मंत्रिमहोदयांच्या शुभेच्छा कुठायत?" माझा तेव्हाचा भागीदार वयाने मोठा. तो म्हणाला, "पैसे देणाऱ्याचं ऐकायचं असतं." शॉट गेला, हारतुरे आले. मी माझं नाव काढायला लावलं. गुरुजी आता नाहीत. सोहळ्याची ती फिल्म कुणी लावत नाही. मूळ फुटेज मात्र शिष्य अजून माझ्याकडून मागून नेतात. भागीदाराला हे आजही पटत नाही.

त्याला मी सत्यजित राय यांचं उदाहरण देतो. शांतिनिकेतनातले त्यांचे शिक्षक विनोदबिहारी मुखर्जी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी गेलेले चित्रकार. त्यांच्यावर राय यांनी १९७२ मध्ये 'द इनर आय' केली. जेमतेम वीस मिनिटांची, तीही फिल्म्स डिव्हिजनसाठी, म्हणजे सरकारी पैशातून. आणि आपले त्र्यंबकचे फाळके? वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून दाखवली, म्हणून त्यांना भांडवल मिळालं. काम होताना दाखवलं की पैसेवाल्यालाही ते कळतं, हे माझं ठाम मत आहे.

मुंबईला बिऱ्हाड नको, जाऊन-येऊन करा. फिल्म्स डिव्हिजन आता एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळात विलीन झालंय, तिथल्या योजनांवर लक्ष ठेवा. दर दोन वर्षांनी मिफ्फ, म्हणजे मुंबईचा आंतरराष्ट्रीय माहितीपट-लघुपट महोत्सव, असतो, तो चुकवू नका.

कॅमेरा हाताशी असेल तो चालेल, पण आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर घ्याच. नुसत्या अशा फिल्मांवर घर चालत नाही, हेही सांगायला हवं. माझं सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या फिल्मांवर चालतं. आणि करारात दोन गोष्टी लिहून घ्या: अंतिम संकलनाचा हक्क कुणाचा, आणि मूळ फुटेज कुणाकडे राहणार.