‘कायमची जाते’ म्हणणाऱ्या लेकीच्या आईला

कागलहून एका आईचं पत्र आलंय : "मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर, वय 24. शिरोली एमआयडीसीत दीड वर्ष क्वालिटीला काम केलं. आता जर्मनीला एमएसला जायचं म्हणते. शिकायला आमची ना नाही. पण ‘तिकडेच राहणार, कायमची’ असं तोंडावर सांगते. आम्ही काय कमी केलं? दिवाळीत दादासाठी हक्कसोडपत्रावर सही केली, तेव्हासुद्धा हूं की चूं केलं नाही, इतकी समजूतदार पोर. मे महिन्यात दादाचं लग्न आहे, तिची वरची खोली नवराबायकोला देतोय. तिचं मन वळवता येईल का?"

ताई, आधी व्यवहाराचं बोलते, कारण लोक तिथेच फसतात. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नसतं, सेमिस्टरची किरकोळ फी असते. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्या मुलांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. ते पैसे तिचेच असतात, महिन्याला 992 या हिशोबाने मिळतात. आकडा अधूनमधून वाढतो, म्हणून भरण्याआधी दूतावासाच्या वेबसाइटवर बघून घ्या. एपीएसचा दाखला, म्हणजे तिची शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं जर्मनीकडून मिळणारं प्रमाणपत्र, लागतो, त्याला वेळ जातो. एखादा एजंट "ॲडमिशन हमखास" म्हणाला, तर कॉलेज सरकारी की खासगी, एवढं आधी विचारा. आणि कोर्स इंग्रजीत असला तरी कारखान्यातली माणसं जर्मनच बोलतात. जर्मन भाषेची बी1 ही मधली पातळी झाल्याशिवाय तिने निघू नये असं माझं मत आहे.

आता ‘कायमची’चं. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. शिक्षणाला साजेशी नोकरी धरून दोन वर्षं झाली, की कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. नागरिकत्व साधारण पाच वर्षांनी. जर्मनी आता जुनं नागरिकत्व ठेवू देते, पण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिकडचं घेतलं की इकडचं जातं, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड. त्यावर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे बघा, कायमचं जायचं की नाही हे ठरवायची वेळ यायला अजून कितीतरी वर्षं आहेत. तरी ती आजच तसं म्हणते. का?

माझ्यासमोर अशा पोरी बसतात. पगाराचं बोलणं पहिल्या पाच मिनिटांत संपतं, मग खरं बाहेर येतं. मेकॅनिकलच्या एकीला मुलाखतीत कास्टिंगमधल्या दोषांवर एकच प्रश्न आला, लग्नावर तीन. एकीला मशीन शॉप हवं होतं, तिला डॉक्युमेंटेशनला बसवलं, कारण "लेडीजला सेकंड शिफ्ट जमत नाही". 1948 च्या कारखाने कायद्याने बाईला संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामावर ठेवायला मनाई केली होती. आता तिची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर परवानगी आहे. कायदा हलला, सुपरवायझर हलला नाही. आणखी एकजण माझ्याशी बोलत असताना अर्ध्या तासात घरून तीन फोन आले. तिसऱ्यांदा तिने फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, मला रात्री साडेनऊला एकटीनं चालत घरी यायचंय. एवढंच." तिकडे सगळं गोड आहे असं नाही. एकटेपणा असतो, घर मिळता मिळत नाही, पगारात बाई-पुरुष फरक तिथेही आहे. हे तिला सांगा, पण घाबरवायला म्हणून नको.

पण ताई, मला अडली ती तुमची हक्कसोडपत्राची ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. 2005 च्या दुरुस्तीने लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि आपल्या भागात तो बऱ्याचदा दुय्यम निबंधक कार्यालयात, भावाच्या गाडीतून जाऊन, एका सहीत संपतो. ती गप्प राहिली याचा अर्थ तिला काही वाटलं नाही असा तुम्ही घेतलात. मी तसा घेणार नाही. शेत दादाचं, घर दादाचं, खोली वहिनीची. मुलगी एक दिवस कायमची जाणार, हे आपण तिच्या बारशापासूनच धरून चालतो. यावेळी गाव तिने निवडलं, म्हणून आपल्याला लागलं.

आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. परतल्या तेव्हा कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलचा स्त्रियांचा विभाग त्यांच्या हवाली करायचं ठरवलं होतं. तेच आपलं कोल्हापुरातलं आजचं सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. रुजू होण्याआधीच 1887 मध्ये त्या गेल्या, पण यायला जागा होती, आणि ती आपल्या गावात होती. सीपीआरवरून जाताना मला दरवेळी हे आठवतं.

म्हणून मन वळवण्याचं माझ्याकडे मागू नका. सही परत घेता येणं अवघड आहे, पण घर यजमानांच्या कमाईचं असेल तर मृत्युपत्रात तिचं नाव लिहिता येतं. उद्या ती परदेशी नागरिक झाली तरी वारसा तिला मिळू शकतो, शेतजमिनीचासुद्धा. वकिलाकडे जाताना तिला बरोबर न्या, दादालाही न्या, चौघांसमोर बोलणं होऊ दे. आणि शिरोलीची नोकरी का सोडली, हे तिला एकदा निवांत विचारा. मधे बोलू नका.

वरची खोली द्या नव्या जोडप्याला, लग्नघर आहे, चालायचंच. पण तिचं कपाट आणि पुस्तकं माळ्यावर टाकू नका. खालच्या खोलीत लावून घ्या, दाराला आतून कडी बसवा, आणि ही खोली तुझी, हे तिला मेच्या आधी सांगा.