डीएचसीपी स्नूपिंग चालू करताय? जरा क्रम सांभाळा

डीएचसीपी स्नूपिंग म्हणजे उपकरणांना आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरच्या संदेशांवर नेटवर्क स्विचने ठेवलेला पहारा. सगळ्यात आधी डीएचसीपी सर्व्हरकडे जाणारा अपलिंक पोर्ट ट्रस्टेड (विश्वासाचा) करा. तो राहिला तर स्विच सर्व्हरची उत्तरंच टाकून देतो आणि नव्याने जोडलेल्या कुणालाही आयपी मिळत नाही. मग स्नूपिंग चालू करा, पण एआरपी इन्स्पेक्शनला (कोणता आयपी कुणाचा हे सांगणाऱ्या संदेशांच्या तपासणीला) लगेच हात लावू नका. ते बाइंडिंग टेबल (कोणत्या उपकरणाला कोणता आयपी मिळाला याची स्नूपिंगने केलेली यादी) बघून खरं-खोटं ठरवतं, आणि सुरुवातीला टेबल रिकामंच असतं. उपकरणं साधारण निम्मी लीज (आयपी वापरायची मुदत) संपली की ती वाढवून मागतात, आणि तेव्हा त्यांची टेबलात नोंद होते. म्हणजे २४ तासांच्या लीजला निदान १२ तास दम धरा. स्टॅटिक (हाताने ठरवून दिलेल्या) आयपीवाले प्रिंटर, कॅमेरे टेबलात आपणहून येत नाहीत, त्यांच्या नोंदी हातानेच घालाव्या लागतात (कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही). टेबल फ्लॅशवर साठवायलाही सांगा, नाहीतर स्विच रीस्टार्ट झाला की सगळं कोरं. एवढ्यानंतरही आयपी मिळेना, तर ऑप्शन ८२ (विनंती कोणत्या पोर्टवरून आली, ही स्विचने तिला जोडलेली माहिती) तपासा.